बीजीएमआय हा पबजीच आहे का? कॉन्ट्राच्या फसलेल्या गेम्सकडून मिळणारं उत्तर

आमच्या अलिबाग-मुरूड पट्ट्यात कुणालाही विचारा, ‘बीजीएमआय खेळतोस का?’ उत्तर येतं, ‘हो, पबजी रोज असतं.’ गावातल्या स्पर्धेच्या बॅनरवरही मोठ्या अक्षरात ‘पबजी’ लिहिलेलं असतं आणि रूम उघडते ती बीजीएमआयमध्ये. सरकारने २०२० मध्ये बंद केलेला गेम आणि २०२१ मध्ये नव्या नावाने आलेला गेम, लोकांच्या तोंडी दोन्ही एकच.

पण हीच मुलं ‘न्यू स्टेट’ला पबजी म्हणत नाहीत. गंमत म्हणजे तो गेम आला तेव्हा त्याच्या नावातच ‘पबजी’ होतं!

म्हणजे कुठला गेम मालिकेतला आणि कुठला बाहेरचा, हे आपण मनातल्या मनात ठरवून टाकतो. हिशोब साधारण असा असतो: चांगला निघाला तर आपला, फसला तर ‘तो मोजायचा नाही’. मला हा हिशोब पटत नाही. कट्ट्यावर वाद घालायला तो ठीक आहे, पण फोनवरच्या गेममध्ये तुमचा वेळ आणि पैसा एका खात्यात साठत असतो. नाव बदललं, प्रकाशक बदलला, करार संपला, तर त्या खात्याचं काय होतं? ‘हा गेम त्याच मालिकेतला का?’ या प्रश्नाची खरी किंमत तिथे कळते. म्हणून हा विषय नीट सोडवून बघू.

आधी दोन शब्द समजून घेऊ

स्पिन-ऑफ म्हणजे मूळ गेमचं नाव, पात्रं किंवा जग घेऊन निघालेला वेगळा फाटा. परवाना म्हणजे ज्याच्याकडे हक्क आहेत त्याने दुसऱ्या कंपनीला ‘आमचं नाव वापरा, बदल्यात आमचा हिस्सा द्या’ असं लेखी देणं.

आमच्याकडच्या पांढऱ्या कांद्याचं उदाहरण घ्या. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे ते नाव कुणी वापरायचं, हे कागदावर ठरलेलं आहे. एखाद्या वर्षी इथलं पीक हलकं निघालं तरी तो अलिबागचाच कांदा. आणि दुसरीकडचा कांदा कितीही गोड असला तरी त्याला हे नाव लावता येत नाही. नाव लावायचा हक्क आणि मालाचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेमच्या बाबतीत आपण नेमकी याचीच गल्लत करतो.

कॉन्ट्रा: घरचे दोन गेम, पण कथेत जागा नाही

टीव्हीला जोडायचा तो गेम आठवत नसेल तर मोठ्या भावाला किंवा काकाला विचारा. वरच्या खाचेत कॅसेट घालायची, ती चालली नाही की काढून फुंकर मारायची. त्या कॅसेटमध्ये मारिओच्या बरोबरीने हमखास असायचा तो कॉन्ट्रा. जपानच्या कोनामी कंपनीने हा गेम १९८७ मध्ये आर्केडसाठी काढला आणि १९८८ मध्ये तो निन्टेंडोच्या घरगुती मशीनवर आला. आपल्याकडे बहुतेकांनी तो त्या मशीनच्या नकली प्रतींवर खेळला.

पुढे १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर ‘कॉन्ट्रा: लेगसी ऑफ वॉर’ आला आणि १९९८ मध्ये ‘सी: द कॉन्ट्रा ॲडव्हेंचर’. दोन्ही कोनामीनेच बाजारात आणले, पण बनवून घेतले ॲपलूसा इंटरॲक्टिव्ह या मूळच्या हंगेरियन कंपनीकडून. दोन्ही थ्री-डी करायच्या नादात फसले. त्यांच्यावर सपाटून टीका झाली, आणि जपानमध्ये तर ते आलेच नाहीत. २००२ मध्ये कोनामीने ‘शॅटर्ड सोल्जर’ काढला तेव्हा त्याची कथा थेट १९९२ च्या ‘एलियन वॉर्स’पासून पुढे नेली. मधले दोन गेम जणू घडलेच नाहीत.

आता हिशोब करा. कागद बघितला तर ते दोन्ही गेम शंभर टक्के कॉन्ट्रा आहेत. हक्कदार कंपनीने स्वतः विकलेत. कथा बघितली तर ते बाहेर आहेत. आणि आपण लहानपणी खेळलेली कॅसेट? कथा अस्सल, गेम अस्सल, फक्त कागदावर तिचा पत्ता नाही. ‘मालिकेत आहे की नाही?’ या एका प्रश्नाच्या पोटात किमान दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं उलटसुलट येऊ शकतात.

कॉन्ट्राचीच आणखी एक गोष्ट बीजीएमआयवाल्यांच्या कामाची आहे. युरोपात हा गेम घरगुती मशीनवर ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने आला. जर्मनीत हिंसक खेळांवर कडक नियम होते, म्हणून माणसांच्या जागी रोबो घातले आणि नावही बदललं. सरकारी नियम, बदललेलं नाव, सौम्य केलेली हिंसा... ओळखीचं वाटतंय ना? पण त्या रोबोंना मालिकेने टाकून दिलं नाही. २०२४ च्या ‘कॉन्ट्रा: ऑपरेशन गलुगा’मध्ये प्रोबोटेक्टर हे खेळता येणारं पात्र आहे. म्हणजे नाव बदललेली स्थानिक आवृत्ती मालिकेत मानाने बसू शकते आणि खरं नाव लावलेला गेम बाहेर राहू शकतो.

झेल्डा: परवाना होता, तरी नावापुरताच

परवान्यावर काढलेल्या फसलेल्या गेमचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण झेल्डाचं. १९९१ च्या सुमाराला निन्टेंडोला आपल्या मशीनला सीडी जोडायची होती. आधी सोनीबरोबर बोलणी झाली, मग निन्टेंडोने फिलिप्सचा हात धरला. तो बेतही पुढे बारगळला. पण या सगळ्या व्यवहारात फिलिप्सला निन्टेंडोची काही पात्रं आपल्या सीडी-आय या मशीनवर वापरायचा हक्क मिळाला. (दुखावलेल्या सोनीने पुढे स्वतःचं मशीन काढलं. तेच प्लेस्टेशन.)

फिलिप्सने १९९३ मध्ये झेल्डाचे दोन गेम आणले, ‘द फेसेस ऑफ ईव्हिल’ आणि ‘द वाँड ऑफ गॅमेलॉन’. त्यातली कार्टून दृश्यं इतकी विचित्र होती की पुढे यूट्यूबवर त्यांचे अगणित मीम झाले. निन्टेंडोने २०११ मध्ये झेल्डाच्या सगळ्या गेमचा कालक्रम पुस्तकात छापला, त्यात या गेमना जागा दिली नाही.

इथे लोक म्हणतात, ‘वाईट होते म्हणून काढले.’ पण नीट बघा. ते गेम निन्टेंडोने बनवले नव्हते, निन्टेंडोच्या मशीनवर चालत नव्हते आणि पुढच्या कुठल्याही गेमची कथा त्यांच्यावर उभी नव्हती. ते उत्तम निघाले असते तरी त्या कालक्रमात बसवायला निन्टेंडोवर काही बंधन नव्हतं. टीकेमुळे बाहेर ठेवणं सोपं गेलं, इतकंच.

आणि तरी ते पुसले गेले नाहीत. २०२४ मध्ये ‘आर्झेट: द ज्वेल ऑफ फॅरामोर’ नावाचा गेम आला, तो याच सीडी-आय गेमच्या धाटणीवर बेतलेला, आणि जुन्या गेममध्ये आवाज देणाऱ्या कलाकारांनी त्यात काम केलं. मालकाने सोडून दिलं ते खेळणाऱ्यांनी सांभाळलं.

पॅकमॅन: चांगला गेमही हद्दपार होतो

‘फसलेलेच गेम बाहेर जातात’ हे खरं असेल तर सगळ्यांना आवडलेला गेम तरी आत राहायला हवा. तसंही होत नाही.

‘मिस पॅकमॅन’ हा १९८२ चा गेम अमेरिकेत मूळ पॅकमॅनइतकाच लाडका झाला. पण त्याची सुरुवात जपानच्या नामको कंपनीत झाली नव्हती. जीसीसी नावाच्या अमेरिकन कंपनीतल्या तरुणांनी पॅकमॅनमध्ये फेरफार करून तो बनवला आणि पॅकमॅनचा अमेरिकेतला परवाना असलेल्या मिडवे कंपनीने तो विकला. पुढे हक्क नामकोकडे आले, तरी जीसीसीचा मोबदल्यावरचा हक्क शिल्लक राहिला. २०१९ मध्ये त्यावरून ॲटगेम्स या कंपनीशी कोर्टकचेरी झाली. २०२२ मध्ये जुना ‘पॅक-लँड’ गेम पुन्हा निघाला, तेव्हा त्यात मिस पॅकमॅनच्या जागी ‘पॅक-मॉम’ नावाचं नवंच पात्र होतं. चाळीस वर्षं लोकांच्या आवडीचं असलेलं पात्र कराराच्या गुंत्यामुळे बदललं गेलं!

याउलट त्याच १९८२ मध्ये अटारीच्या घरगुती मशीनवर आलेला पॅकमॅन. चित्रं लुकलुकायची, मूळ गेमशी साम्य थोडंच. लोकांनी नावं ठेवली, पण विकला गेला लाखोंनी, आणि पॅकमॅनच्या इतिहासात त्याची जागा आजही पक्की आहे.

पॅकमॅन आपल्यापासून लांबचा वाटत असेल तर हेही सांगतो: पॅकमॅनचा अधिकृत मोबाईल गेम नवा करून चालवायचं काम २०२१ मध्ये पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीकडे आलं. ‘इंडस’ बनवणारी तीच ही कंपनी. म्हणजे बाहेरच्या स्टुडिओने बनवलं म्हणून गेम परका, हेही सरसकट खरं नाही. कुणाच्या परवानगीने, कुठल्या अटींवर, हे बघावं लागतं.

आता पबजीचं घराणं मांडू

पबजीचा मूळ गेम २०१७ चा, कॉम्प्युटरवरचा. त्याचे हक्क कोरियातल्या कंपनीकडे. तिचा मूळ समूह आज क्राफ्टन या नावाने ओळखला जातो. आपण फोनवर खेळलो तो पबजी मोबाईल २०१८ चा. तो चीनच्या टेन्सेंटच्या स्टुडिओने करारावर बनवला. म्हणजे ज्याला आपण ‘ओरिजिनल पबजी’ म्हणतो तो स्वतःच परवान्यावरचा स्पिन-ऑफ! फक्त तो इतका चालला की मूळ गेम आपल्या डोळ्यांसमोर कधी आलाच नाही.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होता. ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हर बंद झाले. २ जुलै २०२१ ला क्राफ्टनने भारतासाठी स्वतः बीजीएमआय आणला. नाव वेगळं, रक्ताचा रंग हिरवा, अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा. बाकी नकाशे, बंदुका, चिकन डिनर तेच. मूळ गेम, त्याचा स्पिन-ऑफ, आणि त्या स्पिन-ऑफची भारतीय आवृत्ती, असं हे तिसऱ्या पिढीचं नातं आहे.

चीनमध्येही असंच झालं होतं. मे २०१९ मध्ये टेन्सेंटने तिथला पबजी मोबाईल बंद करून ‘गेम फॉर पीस’ आणला. त्यात गोळी लागलेला खेळाडू हात हलवून निरोप घेतो आणि मागे खोका ठेवून जातो. खेळाडूंची जुनी प्रगती मात्र नव्या गेममध्ये गेली.

न्यू स्टेट याच्या उलट. क्राफ्टननेच बनवलेला, नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘पबजी: न्यू स्टेट’ म्हणून आलेला. कागदावर बीजीएमआयपेक्षाही जवळचा. पण बीजीएमआयसारखी पकड त्याला घेता आली नाही, आणि २०२२ च्या सुरुवातीला कंपनीने नावातलं ‘पबजी’ काढून ‘न्यू स्टेट मोबाईल’ केलं. ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’चं तर आणखी पुढचं. २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा तो पबजीच्याच विश्वात, तीनशे वर्षांनंतर घडणार होता. मे २०२२ मध्ये सांगण्यात आलं की आता याचा पबजीशी संबंध नाही. गेम आला त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये. म्हणजे लोकांनी एकदाही खेळून बघायच्या आधीच नातं तुटलं होतं. चांगला-वाईट ठरायचा प्रश्नच आला नव्हता.

तिसरा प्रश्न: तुमचं खातं कुठे गेलं?

कागद आणि कथा हे दोन प्रश्न आपण पाहिले. कॉन्ट्राच्या कॅसेटच्या काळात तेवढे पुरेसे होते. कॅसेट एकदा घरात आली की कोनामीला काय वाटतं याने तुमचा गेम बंद पडत नव्हता. ऑनलाइन गेममध्ये तिसरा प्रश्न येतो, आणि माझ्या मते फोनवर खेळणाऱ्यासाठी तोच निर्णायक आहे. जुन्या गेममधलं तुमचं खातं नव्या गेमने ओळखलं का?

बीजीएमआयने ओळखलं. पबजी मोबाईलचं खातं फेसबुक किंवा ट्विटरला जोडलेलं असेल तर सामान आणि प्रगती इकडे आणता येत होती, आणि त्यासाठीची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२१ होती. म्हणून ‘बीजीएमआय म्हणजेच पबजी’ हे आमच्या पोरांचं म्हणणं मला निव्वळ बोलायची सवय वाटत नाही. त्यांची जुनी स्किन, जुना आयडी तिकडून इकडे आला. मालिका पुढे चालू आहे याचा यापेक्षा मोठा पुरावा त्यांना नकोच होता. मात्र ज्याने गेस्ट आयडीवर खेळून खातं कशाला जोडलंच नव्हतं, किंवा ज्याची तारीख हुकली, त्याच्यासाठी हाच गेम शून्यापासून सुरू झालेला नवा गेम ठरला. एकाच गेमबद्दल दोन मित्रांची उत्तरं वेगळी, आणि दोन्ही खरी.

पुढे २८ जुलै २०२२ ला बीजीएमआयसुद्धा स्टोअरमधून काढला गेला. ज्यांच्या फोनमध्ये होता त्यांचा चालत राहिला, पण नवा डाउनलोड बंद. मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीच्या अटीवर तो परत आला. मधले दहा महिने ‘आपला गेम राहणार का?’ याचं उत्तर खेळाडूंच्या हातात अजिबात नव्हतं.

फ्री फायरचं प्रकरण याहून बोलकं आहे. १४ फेब्रुवारी २०२२ ला ५४ ॲप्सवर बंदी आली, त्यात फ्री फायर गेला, पण फ्री फायर मॅक्स राहिला. आधीपासूनच दोन्ही ॲप्स एकाच खात्यावर चालत होते, त्यामुळे खेळाडू त्याच आयडीने मॅक्सवर गेले. मग ऑगस्ट २०२३ च्या शेवटी ‘फ्री फायर इंडिया’ची घोषणा झाली. धोनी गेममधलं पात्र होणार, पालकांसाठी नियंत्रण असणार, आणि क्लाउड व साठवणुकीसाठी भागीदार म्हणून योट्टा. याच योट्टाचं मोठं डेटा सेंटर आपल्या रायगड जिल्ह्यात, पनवेलला आहे. ५ सप्टेंबर ही तारीख ठरली होती. आदल्या दिवशी कंपनीने ‘काही आठवडे’ पुढे ढकलत असल्याचं सांगितलं. ते आठवडे उलटले, पुढे महिनेही उलटले.

आता सांगा, फ्री फायर इंडिया मालिकेत मोजायचा का? कागद तयार, जाहिरात तयार, नाव तर थेट मूळ गेमचं. पण खेळायला हातात नसलेल्या गेमला मालिकेतला म्हणून खेळाडूला काय मिळणार? त्याच्या लेखी चालू असलेली मालिका म्हणजे मॅक्स, कारण आयडी तिथे आहे.

‘मालिका खेळाडूच ठरवतात’ हे अर्धंच खरं

काही जण म्हणतील, कंपनीचे कागद गेले खड्ड्यात, लोक ज्याला पबजी म्हणतात तो पबजी. आठवणींच्या बाबतीत मला हे मान्य आहे. झेल्डाचे टाकलेले गेम लोकांमुळेच जिवंत राहिले. पण आठवणीने सर्व्हर चालत नाही. बहुतेक ऑनलाइन गेमच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं की विकत घेतलेली स्किन, नाणी, पात्रं तुमच्या मालकीची होत नाहीत. ती वापरायचा मर्यादित परवाना तुम्हाला मिळतो. म्हणजे परवान्यावर फक्त स्टुडिओ नसतात, आपणही असतो. यूसी घेताना आपण जे पैसे भरतो ते त्या परवान्याचे.

म्हणून एखाद्या गेममध्ये पैसे घालण्याआधी ‘हा खरा पबजी का, खरा फ्री फायर का?’ यावर भांडण्यापेक्षा चार गोष्टी बघा:

१. स्टोअरवर प्रकाशकाचं नाव कुणाचं आहे? आयकॉन सारखा दिसणारे गेम खूप असतात, नावाखालची ओळ वाचा.

२. खातं गेस्ट आहे की ईमेल किंवा सोशल मीडियाला जोडलेलं? गेस्ट असेल तर आजच जोडा.

३. नाव किंवा प्रकाशक बदलत असल्याची सूचना आली तर त्यात शेवटची तारीख शोधा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

४. बंद पडलेल्या गेमची एपीके कुणी ग्रुपवर टाकली तर त्यात आयडी-पासवर्ड टाकू नका. तिकडे गेलेलं खातं परत मागायला दार नसतं.

आणि वाद घालायचाच असेल तर तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: हक्क कुणाचे, कथा पुढे नेली का, खातं ओळखलं का. ‘लेगसी ऑफ वॉर’ पहिल्यात पास, दुसऱ्यात नापास. फिलिप्सचे झेल्डा गेम तसेच. न्यू स्टेटकडे कागद होता, पण नाव कंपनीनेच उतरवलं. बीजीएमआय हक्कात बसतो, खेळ तोच आहे आणि ज्यांनी वेळेत खातं जोडलं त्यांच्यासाठी तिसऱ्या प्रश्नातही पास आहे. त्यामुळे बॅनरवर ‘पबजी’ लिहिणाऱ्या गावातल्या पोरांशी मी वाद घालत नाही. खातं जोडलंय का, एवढं मात्र विचारतो.